भरली घागर आणि भरलेले पात्र

चिनी भाषेत अवघ्या सहा शब्दांची एक जुनी म्हण आहे. ‘मान जाओ सुन, छ्येन शोउ यी’ असा तिचा उच्चार आपल्या लिपीत जवळपास लिहिता येईल. भरलेपण हानीला बोलावते आणि नम्रतेला लाभ मिळतो, हा तिचा सरळ अर्थ. नम्रतेची थोरवी गाणारी वचने जगातल्या सर्वच भाषांत उदंड आहेत. ती ऐकताना आपण मान डोलावतो आणि पुढच्या कामाला लागतो. ही म्हणही त्याच वाटेने जायची. परंतु तिचा एकेक शब्द सुटा करून पाहिला, आणि ती मुळात कोणी, कोणाला व कोणत्या प्रसंगी ऐकवली हे ध्यानात घेतले, म्हणजे तिच्यातली नम्रता आपण समजतो त्याहून निराळी आणि पुष्कळच अवघड आहे असे दिसून येते.

चिनी लिपीत प्रत्येक शब्दाला स्वतंत्र चिन्ह असते आणि बऱ्याच चिन्हांच्या मुळाशी एखादे चित्र दडलेले असते. ‘मान’ म्हणजे काठोकाठ भरलेला. त्याच्या डाव्या अंगाला पाण्याची खूण आहे. ‘जाओ’ म्हणजे बोलावणे, आणि त्याच्या डाव्या अंगाला हाताची खूण आहे. तेव्हा भरलेल्या माणसावर हानी कोठून तरी येऊन आदळते असे ही म्हण म्हणत नाही. तो स्वतःच हाताने खुणावून तिला जवळ बोलावतो, असे म्हणते. ‘छ्येन’ म्हणजे नम्रता, आणि तिच्या चिन्हात ‘बोलणे’ या अर्थाची खूण आहे. नम्रता प्रथम जिभेवर दिसते, हे चिनी लिपिकारांनी बरोबर हेरले म्हणायचे. ‘शोउ’ म्हणजे स्वीकारणे. या चिन्हात दोन हात आहेत, एक वर व एक खाली. वरचा हात देणाऱ्याचा, खालचा घेणाऱ्याचा. ज्याला घ्यायचे आहे त्याचा हात खालीच असावा लागतो. त्याला दुसरा इलाज नाही. शेवटचा शब्द ‘यी’, म्हणजे लाभ किंवा वाढ. त्याची मूळ आकृती म्हणजे एक भांडे आणि त्याच्या तोंडावर आलेले पाणी. गंमत अशी की लाभ मिळत गेला म्हणजे भांडे भरणार, आणि भांडे भरले म्हणजे पुन्हा पहिल्या शब्दाशी गाठ पडणार. सहा शब्दांचे हे वाक्य असे वर्तुळाकार आहे.

आता ती कोणाला ऐकवली गेली ते पाहू. चीनमधल्या अतिप्राचीन राजवृत्तांचा जो संग्रह ‘शू-चिंग’ या नावाने प्रसिद्ध आहे, त्यात यू नावाच्या पुरुषाची एक कथा येते. महापुराचे पाणी नद्यांना वाट करून देऊन समुद्राकडे नेणारा हा यू चिनी परंपरेत फार मोठा मानला जातो. म्याओ नावाची जमात राजाज्ञा मानीना, म्हणून यू सैन्य घेऊन तिच्यावर चालून गेला. तीस दिवस झाले तरी म्याओ लोक वाकेनात. तेव्हा त्याच्याबरोबरच्या एका मंत्र्याने त्याला हे वचन ऐकवले. मंत्र्याचे नाव यी; ‘लाभ’ या शब्दाचे जे चिन्ह तेच त्याच्या नावाचेही. यूने त्या मंत्र्याला वंदन केले आणि सैन्य मागे फिरवले. राजधानीत शस्त्रांच्या खणखणाटाऐवजी ढाली व पिसे घेऊन नृत्ये होऊ लागली, आणि सत्तर दिवसांनी म्याओ आपण होऊन आले, अशी कथा आहे. येन रुओ-छ्यू या सतराव्या शतकातल्या चिकित्सक पंडिताने त्या संग्रहातली काही प्रकरणे मागाहून रचलेली असल्याचे दाखवून दिले, आणि हे प्रकरण त्यांतलेच आहे. त्याने फारसे बिघडत नाही. ज्याने कोणी ही कथा रचली, त्याला हे वचन कोठे बसवावे याची जाण होती. ते त्याने पराभूताला, गरिबाला किंवा शिष्याला ऐकवलेले नाही. सेनेच्या अग्रभागी उभ्या असलेल्या समर्थ पुरुषाला ते ऐकवले आहे, आणि ऐकवणारा त्याच्या हाताखालचा आहे.

येथे आपल्याकडचा श्रोता एक आक्षेप घेईल, आणि तो रास्त आहे. बेंगळुरूच्या माझ्या कचेरीत ही म्हण मी एका कन्नड स्नेह्याला सांगितली, तेव्हा त्यांनी तत्काळ आपली म्हण पुढे केली: ‘तुंबिद कोड तुळुकुवुदिल्ल’, म्हणजे भरलेली घागर हिंदकळत नाही. आपणही म्हणतो की उथळ पाण्याला खळखळाट फार. हिंदीत अर्धी घागर छलकते, संस्कृत सुभाषितांत अर्धा घट आवाज करतो. सारा भारत एकमुखाने भरलेल्या घागरीची बाजू घेतो, आणि चिनी म्हण मात्र भरलेपणाचीच भीती घालते. मग दोघांपैकी खरे कोण?

माझ्या मते दोन्ही म्हणी दोन निरनिराळ्या वेळी घागरीकडे पाहतात. आपली म्हण घागर विहिरीवरून घरी चालली असताना पाहते. वाटेत ती किती वाजते, किती सांडते, यावरून आत काय आहे हे आपण ओळखतो. म्हणजे ही इतरांची पारख करण्याची म्हण झाली. चिनी म्हण घागर अजून विहिरीवरच आहे असे धरून चालते. तिचा प्रश्न एवढाच, की आणखी पाणी घेण्यास आत जागा आहे काय? ही पारख ज्याची त्याने करायची असते. बाहेरून ती होत नाही. पहिल्या म्हणीने आपण दुसऱ्याला उथळ ठरवू शकतो, आणि ठरवतोही. दुसरीचा तसा उपयोग करता येत नाही.

चिनी लोकांनी हा विचार नुसत्या शब्दांत न ठेवता त्याचे एक यंत्रच केले. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात होऊन गेलेल्या श्यून-त्झ या तत्त्वज्ञाच्या ग्रंथात त्याची हकीकत आहे. कन्फ्यूशियस एकदा लू राज्याच्या ह्वान राजाच्या देवळात गेला असता तेथे त्याला एक कललेले पात्र दिसले. हे काय, असे त्याने देवळाच्या रखवालदाराला विचारले. आसनाच्या उजव्या हाताला ठेवण्याचे हे पात्र, असे उत्तर मिळाले. कन्फ्यूशियसने शिष्यांकडून त्यात पाणी ओतवले. रिते असताना ते कललेले होते. अर्धे भरल्यावर ताठ उभे राहिले. काठोकाठ भरताच उलटले आणि सारे पाणी सांडले. यात चमत्कार काही नाही. पात्र दोन बाजूंच्या दोन खुंट्यांवर टांगलेले असते आणि रिकामेपणी त्याचा गुरुत्वमध्य एका अंगाला पडेल असा त्याचा घाट असतो. थोडे पाणी तळाशी साठले की गुरुत्वमध्य खुंट्यांच्या खाली येतो व पात्र सावरते; पाणी गळ्याशी आले की तो खुंट्यांच्या वर चढतो आणि मग पात्राला उलटण्यावाचून गत्यंतर राहत नाही. पुढील काळात मूळ पात्र नाहीसे झाले, परंतु अनेकांनी ते पुन्हा बनवले. पाचव्या शतकातला थोर गणिती त्सू छुंग-झ हा त्यांपैकी एक. शेवटच्या राजघराण्यातील ग्वांगशू बादशहाच्या काळचे असे एक पात्र बीजिंगच्या राजवाडा-संग्रहालयात आहे.

या गोष्टीतले मला सर्वांत मोलाचे वाटते ते कन्फ्यूशियसचे रखवालदाराला विचारणे. स्वतः कन्फ्यूशियसने तरुणपणी धान्याच्या कोठारावर आणि गुरांच्या कुरणावर लहानसहान सरकारी नोकऱ्या केल्या होत्या. रखवालदाराला काय ठाऊक असते हे त्याला माहीत होते. महादेवळात गेला म्हणजे तो प्रत्येक वस्तूविषयी विचारीत सुटे, आणि लोक त्याला हसत, की म्हणे हा विधींचा जाणकार! विचारणे हाच विधी आहे, अशा अर्थाचे त्याचे उत्तर नमूद आहे.

परंतु म्हण भिंतीवर लिहिली म्हणजे ती आचरणात येते असे नाही, आणि याचा दाखला देण्यासाठी चीन सोडून जाण्याचे कारण नाही. १७९३ साली इंग्लंडच्या राजाचा वकील मॅकार्टनी व्यापाराची मागणी घेऊन छ्येनलुंग बादशहाच्या दरबारी गेला, तेव्हा आमच्या राज्यात सर्व काही विपुल आहे, तुमच्या वस्तूंची आम्हांस गरज नाही, अशा आशयाचे उत्तर त्याला मिळाले. पुढे अर्ध्या शतकाच्या आत, १८३९ ते १८४२ च्या अफूच्या युद्धात, त्या वस्तूंपैकी तोफा व आगबोटी आपण होऊन चीनच्या किनाऱ्यावर आल्या. इंग्रजांच्या त्या युद्धाचे समर्थन कोणी करू नये. अफू विकण्यासाठी लढलेले ते युद्ध होते. पण पात्र भरलेले होते, हेही खरे.

दुसरा दाखला याहून दुःखद आहे. सप्टेंबर १९५६ मध्ये चिनी कम्युनिस्ट पक्षाच्या आठव्या अधिवेशनाच्या प्रारंभी माओ त्से-तुंग यांनी या जुन्या म्हणीचाच आशय नव्या शब्दांत सांगितला: नम्रतेने माणूस पुढे जातो, गर्वाने मागे पडतो. ते वाक्य देशभर पसरले आणि शाळाशाळांतून मुलांनी पाठ केले. दोनच वर्षांनी, १९५८ साली, ‘मोठी झेप’ सुरू झाली. पिकाचे आकडे वरिष्ठांना आवडतील असेच पाठवायचे, अशी अहमहमिका गावोगावच्या अधिकाऱ्यांत लागली. एका तालुक्याने दुप्पट सांगितले की शेजारच्याने तिप्पट सांगावे. त्या कागदी पिकाच्या हिशेबाने सरकारी धान्यवसुली झाली, आणि शेतकऱ्याच्या घरात उरायला हवे होते ते खरे धान्य उचलले गेले. १९५९ ते १९६१ या वर्षांत जो दुष्काळ पडला त्यात कोट्यवधी माणसे मेली. जुलै १९५९ मध्ये लूशान येथील बैठकीच्या वेळी संरक्षणमंत्री फंग द-ह्वाय यांनी माओंना पत्र लिहून चुका दाखवून दिल्या. यू राजाच्या कथेतल्या मंत्र्याचेच काम त्यांनी केले. त्यांना वंदन मात्र कोणी केले नाही. त्यांचे मंत्रिपद गेले.

खोटे आकडे पाठवणारे ते अधिकारी उद्धट नव्हते, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. वरिष्ठांपुढे ते अत्यंत नम्र होते. त्यांची मान इतकी लवलेली होती की तोंडून ‘नाही’ निघणे शक्यच नव्हते. वर पाहून लवणारी ही नम्रता आणि म्हणीतली नम्रता या दोन वस्तू एका नावाने ओळखल्या जातात, हे मोठेच दुर्दैव. आपल्याकडेही इंग्रजी अमदानीत अत्यंत कठोर हुकुमाच्या तळाशी ‘आपला अत्यंत आज्ञाधारक सेवक’ अशी सही असे, आणि वाचणाऱ्याला त्यात विसंगत असे काही वाटत नसे.

सरकारी नोकरीत आयुष्य घालवणाऱ्याला हा भेद पुस्तकातून शिकावा लागत नाही. महाराष्ट्रात पिकाचा अंदाज करण्याची आणेवारीची रीत जुनी आहे. १९५७ साली दशमान नाणी आली आणि तिला पैसेवारी म्हणू लागले. पीक पन्नास पैशांच्या आत उतरले की टंचाई मानायची, सारा तहकूब करायचा, अशी पुष्कळ वर्षे वहिवाट होती. हा अंदाज शेवटी बांधावर उभे राहून कोणी तरी करायचा असतो. कागद गावाकडून तालुक्याला आणि तालुक्याकडून जिल्ह्याला जातो. त्या वाटेवर एका जरी खुर्चीतल्या माणसाला वाईट बातमी ऐकण्याची सवय नसली, तरी अठ्ठेचाळीसचे बावन्न व्हायला वेळ लागत नाही. त्या चार पैशांत गावाची सूट बुडते. म्हणून हाताखालच्या माणसाने नम्र असावे, या उपदेशाला मी फारसे महत्त्व देत नाही. तो बहुधा नम्र असतोच, परिस्थितीच त्याला तसे ठेवते. खुर्चीतल्या माणसाच्या आत दोन वाक्ये मावतील एवढी रिकामी जागा आहे की नाही, हा खरा प्रश्न.

चिनी बोलीत नम्रतेसाठी आणखी एक शब्द रोजच्या वापरात आहे: ‘श्यू-शिन’, म्हणजे शब्दशः रिते हृदय. शिकणाऱ्याला हा शब्द विशेष लावतात. बांबू आतून पोकळ असतो म्हणून चिनी चित्रकारांनी त्याला या गुणाचे प्रतीक मानले. असे रिते हृदय घेऊन चीनमध्ये गेलेला एक मराठी माणूस आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ च्या सप्टेंबरात राष्ट्रीय सभेने पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकाबरोबर मुंबईहून निघाले, नागपूरचे डॉ. चोळकर हेही त्या पथकात होते. त्या वेळी कोटणीस सत्तावीस वर्षांचे होते. त्यांच्या रणांगणातील सेवेची कथा व्ही. शांताराम यांच्या १९४६ सालच्या चित्रपटामुळे घरोघर पोहोचली आहे. तिच्यातला एक भाग मात्र फारसा सांगितला जात नाही. मुंबईच्या वैद्यक महाविद्यालयातून शिकून आलेला हा डॉक्टर परक्या देशात पुन्हा बाराखडीला बसला. रुग्णांशी व परिचारकांशी बोलण्यापुरती चिनी शिकून तो थांबला नाही. विद्यार्थ्यांना शस्त्रक्रियाशास्त्र चिनी भाषेतून शिकवू लागला. १९४१ साली बेथ्यून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुखपद त्यांच्याकडे आले. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, त्यांचे तेथेच निधन झाले. उपकार करायला गेलेल्या माणसाचा हात वर असतो. कोटणीसांचा एक हात वर होता आणि दुसरा खाली; ‘शोउ’ या चिन्हातले दोन्ही हात.

विद्वत्तेच्या क्षेत्रातही असा एक दाखला पुण्यात घडला. फर्ग्युसन महाविद्यालयातील पालीचे पंडित पु. वि. बापट यांना ‘विमुत्तिमग्ग’ या बौद्ध ग्रंथाचा अभ्यास करायचा होता. त्याचे संपूर्ण पाली मूळ उपलब्ध नव्हते. सहाव्या शतकातले चिनी भाषांतर तेवढे होते. पालीत अधिकारी असलेल्या माणसाने मग चिनी चिन्हे गिरवली, आणि १९३७ साली त्या ग्रंथाची ‘विसुद्धिमग्गा’शी तुलना करणारे त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले.

कर्नाटकात राहणाऱ्या मराठी माणसाला तर एवढ्या दूर जाण्याचेही कारण नाही. धारवाडचे द. रा. बेंद्रे यांच्या घरची भाषा मराठी. ते कन्नडचे महाकवी झाले आणि १९७३ साली ज्ञानपीठ पुरस्काराचे मानकरी ठरले. म्हैसूर संस्थानच्या मुलकी सेवेतले अधिकारी मास्ती वेंकटेश अय्यंगार यांच्या घरी तमिळ बोलत. कन्नड कथेचे ते आद्य शिल्पकार मानले जातात. दोघांनीही आपली घागर ओतून टाकली नाही, बेंद्रे मराठीतही लिहीत राहिले. उलट, बदली होऊन या शहरात आलेली पुष्कळ सुशिक्षित माणसे दहा-दहा वर्षे काढूनही ‘स्वल्प’ आणि ‘गोत्तिल्ल’ या दोन शब्दांवर भागवतात. ‘गोत्तिल्ल’ म्हणजे ठाऊक नाही. शिकायला आरंभ करण्यास तो शब्द उत्तम आहे, पण तेथेच मुक्काम करण्यासारखा नाही.

मला स्वतःला कन्नडने दिलेला एक शब्द या विषयाशी फार जवळचा आहे. बेंगळुरूला मोठी नदी नाही. हे शहर तळ्यांवर जगले. तळ्याला येथे ‘केरे’ म्हणतात. उतारावर एकाखाली एक तळी बांधत जायचे आणि वरच्याचे जादा पाणी खालच्यात सोडायचे, अशी जुनी योजना. बेळ्ळंदूरचे पाणी वर्तूरला जाते, वर्तूरचे पुढे दक्षिण पिनाकिनी नदीला मिळते. जादा पाणी जाण्यासाठी बांधाच्या माथ्यापेक्षा बऱ्याच खालच्या पातळीवर दगडी वाट ठेवलेली असते. आपण तिला सांडवा म्हणतो, कन्नडमध्ये तिला ‘कोडी’ म्हणतात. मातीच्या बांधावरून पाणी वाहू लागले की बांध गेलाच. म्हणून तळे कितीही मोठे असो, कोडी नसलेले तळे कोणी बांधत नसे. पुढे शहर वाढले. धर्मांबुधी तळ्याच्या जागी आज मध्यवर्ती बसस्थानक आहे, संपंगी तळ्याच्या जागी क्रीडांगण. तळी जोडणाऱ्या नाल्यांवर घरे उठली, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये बेळ्ळंदूरच्या परिसरात रस्त्यांवरून ट्रॅक्टर आणि होड्यांतून माणसे न्यावी लागली.

तळ्याच्या पाण्याची राखण करणाऱ्या माणसाला जुन्या म्हैसूरच्या खेड्यांत ‘नीरगंटी’ म्हणतात. शहराबाहेरच्या एका लहानशा गावात अशा एका वृद्ध नीरगंटीशी माझे बोलणे झाले होते. तळे पूर्ण भरले असे तुम्ही केव्हा म्हणता, असे मी माझ्या मोडक्या कन्नडमध्ये विचारले. माझी कल्पना, तो बांधाच्या माथ्याकडे बोट दाखवील. त्याने हात खाली, कोडीच्या दगडाकडे केला. त्या दगडावरून पाणी खालच्या तळ्याकडे वाहू लागले की तळे भरले असे त्यांच्या गावात म्हणतात. त्या दगडापासून बांधाच्या माथ्यापर्यंतचा भाग मोजण्यातच धरत नाहीत, असे त्याने सांगितले.